पान्हा, प्रतिज्ञा आणि निवाडा

मराठीत ‘माया’ या शब्दाचे अर्थ अनेक आहेत. आईची माया म्हणजे जिव्हाळा, वेदान्तातली माया म्हणजे भ्रम, गाठीशी जमवलेली माया म्हणजे धन. आणि कपडा बेतताना शिंपी शिवणीत जे जादा कापड राखून ठेवतो त्यालाही मायाच म्हणतात. आपल्या ललित वाङ्मयाने यांपैकी पहिल्या अर्थावर अपार प्रेम केले, तर संतवाङ्मयाने दुसऱ्या अर्थाचा समाचार घेतला. जिव्हाळ्याच्या मायेची चिकित्सा मात्र आपल्या समीक्षेत क्वचितच आढळते. एखाद्या कथेतील किंवा आत्मचरित्रातील नाते ‘रक्ताचे’ आहे अथवा ‘रक्तापलीकडचे’ आहे, एवढे म्हटले की सारे सांगून झाले असे आपण समजतो. त्या मायेपोटी एका माणसाने दुसऱ्याच्या आयुष्यावर कोणता हक्क सांगितला, आणि तो हक्क त्याला कोणी दिला, हे विचारायचे राहून जाते.

प्रस्तुत लेखात आम्हांस तेवढेच विचारावयाचे आहे. त्यासाठी आम्ही तीन ठिकाणांहून उजेड घेणार आहोत: जीवशास्त्र, ॲनाबॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाची श्रद्धा आणि वैद्यकातील नीतिविचार. ही नावे एका ओळीत पाहून वाचक बुचकळ्यात पडतील, याची आम्हांस कल्पना आहे. परंतु माणूस माणसाला कशाने बांधला जातो आणि त्या बंधनाचे मोल काय, याचा विचार तिन्ही ठिकाणी झाला आहे. या उजेडात आम्ही दोन मजकूर वाचणार आहोत. पहिला लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’चा, आणि दुसरा अरुणा शानबाग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी दिलेल्या निकालाचा. एक आपल्या आत्मचरित्रवाङ्मयाचा मानदंड, तर दुसरा न्यायालयाचा कागद. मायेच्या अधिकाराची परीक्षा मात्र दोहोंतही झालेली आहे.

आरंभ गोठ्यापासून करू. वांकिडीच्या पंचक्रोशीत ज्यांच्या घरी गाई-म्हशी होत्या, त्यांना पान्हा म्हणजे काय हे सांगावे लागणार नाही. वासरू आचळाला लागल्यावाचून गाय दूध सोडत नाही. वासरू दगावले, तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढे उभे करण्याची जुनी रीत आहे. गाय ते चाटते आणि पान्हावते. या पान्ह्यामागील द्रव्य म्हणजे ऑक्सिटोसिन. त्याने गर्भाशय आकुंचन पावतो हे हेन्री डेल यांनी १९०६ साली दाखवले. १९५३ साली व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी ते प्रयोगशाळेत तयार केले आणि १९५५ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पुढे याच द्रव्याची सुई आपल्या गोठ्यांतही शिरली. सुई टोचली की वासरावाचून दूध उतरते. पेंढ्याचे वासरू काय किंवा सुई काय, दोहोंवरून एक गोष्ट स्पष्ट होते. पान्हा खरा असतो, पण तो कोणासाठी फुटला हे पान्ह्याला ठाऊक असतेच असे नाही.

विसाव्या शतकात या विषयाचा रीतसर अभ्यास झाला. अमेरिकेत हॅरी हार्लो यांनी माकडांची पिल्ले आईपासून वेगळी केली आणि त्यांच्यापुढे दोन कृत्रिम आया ठेवल्या, एक तारेची आणि एक मऊ कापडाची. दूध तारेच्या आईकडे असले, तरी पिल्ले दिवसाचा बहुतेक वेळ कापडाच्या आईलाच बिलगून राहत. १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांनी ‘पोट भरते म्हणून ओढ’ ही समजूत मोडीत काढली. त्या मुक्या जिवांचे जे हाल झाले, त्यांची बोच मात्र शास्त्राच्या इतिहासात राहून गेली. इंग्लंडमध्ये जॉन बोल्बी यांनी १९६९ पासून तीन खंडांत असे मांडले की, बालकाला आधाराचे एक निश्चित माणूस लागते. हाकेला ओ देणारे, पुनःपुन्हा येणारे. ते माणूस जन्मदात्रीच असले पाहिजे असे नाही. सारा हर्डी यांनी २००९ च्या आपल्या ग्रंथात तर असे प्रतिपादिले की, आजी, मावशी, थोरली बहीण अशा अनेक हातांनी मूल वाढवणे हीच मानवजातीची मूळ रीत असावी. आपल्या वाड्यांतून आणि वस्त्यांतून वाढलेल्यांना हे नवल वाटणार नाही.

ऑक्सिटोसिनचा गवगवाही बेताने घ्यावयास हवा. प्रेअरी व्होल हा उंदरासारखा एक प्राणी आयुष्यभर जोडीने राहतो आणि त्याची ही निष्ठा ऑक्सिटोसिनमुळे आहे, असे दीर्घकाळ मानले जाई. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या प्राण्यातील ऑक्सिटोसिन ग्रहण करणारे जनुकच निकामी केले गेले, तरीही जोड्या जमल्या. म्हणजे ओढ एका रसायनात कोंडता येत नाही. शिवाय काही प्रयोगांत असेही दिसले की, हे द्रव्य आपल्या गटाविषयीचा विश्वास वाढवते, परक्यांविषयी मात्र तशी उदारता आणत नाही. जीवशास्त्राची साक्ष एकूण अशी आहे: ओढ सहवासातून आणि सेवेतून रुजते, तिला रक्ताची अट नाही, तिला फसवता येते, आणि ती आपल्याभोवती कुंपणही घालते. हक्काविषयी मात्र ही साक्ष मौन आहे.

हक्काविषयी बोलले ते सोळाव्या शतकातील काही हट्टी माणसे. २१ जानेवारी १५२५ रोजी झुरिच शहरात, फेलिक्स मान्झ यांच्या घरी, कॉनराड ग्रेबेल यांनी जॉर्ज ब्लाउरॉक या प्रौढ माणसाला बाप्तिस्मा दिला. ब्लाउरॉक यांचा बाप्तिस्मा तान्हेपणीच झालेला होता. तो या मंडळींनी मानला नाही. पाळण्यातल्या बाळाला श्रद्धा कळत नाही, सबब त्याच्या वतीने कोणी घेतलेली प्रतिज्ञा ही प्रतिज्ञाच नव्हे, असे त्यांचे म्हणणे. विरोधकांनी त्यांना ॲनाबॅप्टिस्ट, म्हणजे ‘पुन्हा बाप्तिस्मा घेणारे’, असे हिणवून नाव दिले. ५ जानेवारी १५२७ रोजी मान्झ यांना लिम्मत नदीत बुडवून मारण्यात आले. नेदरलँड्समध्ये १५६९ साली डर्क विलेम्स नावाचा याच पंथाचा माणूस कैदेतून निसटून गोठलेल्या पाण्यावरून पळत होता. पाठलाग करणाऱ्याच्या पायाखालचा बर्फ फुटला, तेव्हा विलेम्स मागे फिरला आणि त्याने त्याला बाहेर काढले. त्यानंतर विलेम्स पकडला गेला व जाळला गेला. ज्याच्याशी ना रक्ताचे नाते ना सहवासाचे, त्याच्यासाठी मागे फिरणे, ही ओढ पान्ह्याच्या शास्त्रात बसवणे कठीण आहे. ती एका घेतलेल्या वचनातून आलेली होती.

हा पंथ आपल्यापासून वाटतो तितका दूर नाही. मेनो सायमन्स यांच्या नावाने ओळखले जाणारे मेनोनाइट धर्मोपदेशक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निजामाच्या राज्यात आले. त्यांच्यातील मेनोनाइट ब्रदरेन शाखेच्या मंडळ्या महबूबनगरच्या बाजूला आजही आहेत आणि जडचर्ल्याला त्यांचे रुग्णालय आहे. याच परंपरेतील पॉल हीबर्ट १९३२ साली शमशाबादला जन्मले. पुढे मानवशास्त्रज्ञ होऊन त्यांनी महबूबनगर जिल्ह्यातील ‘कोंडुरू’ या गावाच्या समाजरचनेवर १९७१ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. जातीने, सोयरिकीने आणि शेजाराने बांधलेले तेलुगू गाव पाहिलेल्या या अभ्यासकाने पुढे समूहांचे दोन प्रकार वर्णिले. एका प्रकारात कुंपण ठरलेले असते. आतला तो आपला, बाहेरचा तो परका. दुसऱ्या प्रकारात केंद्र ठरलेले असते. त्या केंद्राकडे ज्याचे तोंड आहे तो आपला, मग तो कितीही दूर असो. आप्तभावाच्या विचारात हा भेद आम्हांस फार मोलाचा वाटतो.

या श्रद्धेची काळी बाजूही सांगितलीच पाहिजे. १६९३ च्या सुमारास याकोब आम्मान यांच्या अनुयायांची जी वेगळी वाट झाली, त्या आमिश लोकांत प्रतिज्ञा मोडणाऱ्यावर कडक बहिष्कार घालण्याची रीत आहे. प्रतिज्ञा घेण्यापूर्वी तरुणाला मोकळीक असते. परंतु एकदा ती घेऊन मोडली, तर आईबापांच्या पंगतीलाही त्याला जागा राहत नाही. म्हणजे स्वेच्छेने जोडलेले नाते टिकवण्यासाठी ज्या शस्त्राचा धाक घातला जातो, ते शस्त्र जन्माच्या मायेचेच असते. ज्याला आईचे अन्न तुटण्याची भीती आहे, त्याचा होकार कितपत मोकळा? स्वेच्छेचा सर्वाधिक उद्घोष करणाऱ्या पंथालाही हा पेच सुटलेला नाही, हे आपण ध्यानात ठेवू.

आता ‘स्मृतिचित्रां’कडे वळू. टिळक कुटुंब ॲनाबॅप्टिस्ट नव्हते. नारायण वामन टिळक ज्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये गेले, तेथे बालकांचा बाप्तिस्मा मान्य होता. तरीही संमतीचा जो प्रश्न झुरिचमध्ये उठला, तो मराठीत सर्वांत जिवंतपणे लक्ष्मीबाईंच्याच पुस्तकात उठतो. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्याबरोबर नव्हत्या. मूल लहान, समाज बहिष्काराला सज्ज, आणि पतीवरची ओढ तर अशी की त्या वियोगात त्यांची शुद्ध हरपण्याची वेळ आली. ओढ हाच निर्णयाचा आधार असता, तर त्या दुसऱ्याच दिवशी पतीमागे गेल्या असत्या. अथवा माहेर-सासरच्या ओढीने कायमच्या मागे राहिल्या असत्या. त्यांनी दोन्ही केले नाही.

काही वर्षांनी त्या पतीजवळ आल्या, पण त्यांनी आपली श्रद्धा आणि सोवळे सोडले नाही. एकाच संसारात दोन स्वयंपाक होऊ लागले. या भागातील विनोदाचे कौतुक आपल्या समीक्षकांनी पुष्कळ केले आहे. त्या विनोदाखाली केवढा नैतिक निर्धार आहे, याकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही, असे आमचे मत आहे. ‘मी तुमची आहे, पण तुमची आहे म्हणून तुमच्या देवाची नाही,’ असा त्या वर्तनाचा अर्थ आम्ही लावतो. पुढे जातिभेद माणसाने केलेला आहे असे त्यांच्याच मनाला पटले, तेव्हा सोवळे गेले. आणि त्याहीनंतर, स्वतःच्या विश्वासाने, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पती-पत्नीच्या प्रेमाची कथा म्हणून हे पुस्तक वाचणारे पुष्कळ आहेत. आमच्या वाचनात ती प्रेमाने वाट पाहिल्याची कथा आहे. टिळक हे उतावळ्या स्वभावाचे गृहस्थ. पुस्तकातील त्यांचे चित्रही तसेच आहे. तरी पत्नीच्या श्रद्धेचा होकार तिच्या वतीने त्यांना देता येणार नव्हता. त्यांनी स्वतः १९१७ साली ‘देवाचा दरबार’ स्थापला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही होते. कुंपण सोडून केंद्र धरणे म्हणजे काय, हे हीबर्ट यांच्या कितीतरी आधी एका मराठी कवीने करून पाहिले होते.

लक्ष्मीबाईंना होकार देता येत होता, म्हणून मायेने थांबणे शक्य झाले. ज्याला होकार देताच येत नाही, त्याचे काय? येथे वैद्यकातील नीतिविचार सुरू होतो.

केंद्र सरकारच्या १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात पती-पत्नी, आईबाप, मुले आणि भावंडे हे ‘निकटचे नातलग’ ठरले. २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबा आणि नातवंडे त्यांत आली. या वर्तुळाबाहेरचा कोणी ‘जिव्हाळ्यापोटी अथवा ओढीपोटी’ अवयव देऊ पाहील, तर अधिकृत समितीची पूर्वसंमती त्याला घ्यावी लागते. पैशाचा व्यवहार रोखण्यासाठी हे आवश्यक होते, यात शंका नाही. पण त्यामागचे गृहीतक तपासण्यासारखे आहे. परक्याची माया संशयास्पद मानून कायदा तिची कसून परीक्षा घेतो. घरच्या मायेवर त्याचा विश्वास तुलनेने सहज बसतो. वस्तुतः आपल्या देशात जिवंत दात्यांमध्ये स्त्रिया बऱ्याच अधिक आहेत आणि अवयव मिळणाऱ्यांत पुरुष अधिक आहेत. पत्नी किंवा आई मूत्रपिंड देते तेव्हा त्यात माया असतेच. पण ‘नाही’ म्हणण्याची सोय तिला त्या घरात होती काय? ॲनाबॅप्टिस्टांनी पाळण्यापाशी विचारलेला प्रश्न येथे रुग्णालयाच्या टेबलापाशी विचारावा लागतो: हा होकार तिचा स्वतःचा आहे ना?

अरुणा शानबाग प्रकरण याहून बिकट होते. त्या मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथल्याच एका कामगाराने केलेल्या हल्ल्यात त्यांच्या मेंदूला कायमची इजा झाली. १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत, सुमारे ४१ वर्षे, त्याच रुग्णालयातील परिचारिकांच्या पिढ्यांमागून पिढ्यांनी त्यांची सेवा केली. लेखिका पिंकी विराणी यांनी त्यांच्या ‘निकट स्नेही’ या नात्याने, त्यांना मरण येऊ द्यावे म्हणून सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि ज्ञानसुधा मिश्रा यांच्या खंडपीठाने तो फेटाळला. खरे निकट स्नेही रुग्णालयातील सेवक आहेत, काही वेळा भेटून पुस्तक लिहिणारी व्यक्ती नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. जीवशास्त्राची साक्षच जणू न्यायासनाने मान्य केली: ओढ सेवेतून येते, रक्ताची अट नाही.

हा भाग आम्हांस मनापासून पटतो. जे हात रोज घास भरवतात, त्यांना रुग्णाविषयी जे कळते ते इतरांना कळत नाही. पण निकालाचा आदर राखूनही आमचा एक आक्षेप आहे. निकालाने सेवेची वर्षे मोजून कोणी बोलावे हे ठरवले. परंतु बोलणाऱ्याने कोणाचे मन सांगावे, आपले की रुग्णाचे, हा भेद पुरेसा स्पष्ट केला नाही. २०११ साली सेवेत असलेल्या बहुतेक परिचारिकांनी अरुणांना चालता-बोलता कधी पाहिलेले नसणार. विराणी यांनीही पाहिलेले नव्हते. एका बाजूची करुणा म्हणत होती, तिला जगू द्या. दुसऱ्या बाजूची करुणा म्हणत होती, तिला जाऊ द्या. दोन्ही बाजूंची माया खरी होती. अरुणांची स्वतःची इच्छा मात्र दोहोंपैकी कोणापाशीही नव्हती. निकालाला याची जाणीव नव्हती असे नाही. सेवकांचे मत पुढे बदलल्यास त्यांनी मुंबई उच्च न्यायालयाकडे यावे, आणि उपचार थांबवण्याचा कोणताही निर्णय उच्च न्यायालयाच्या संमतीनेच व्हावा, असे त्याने सांगितले. म्हणजे मायेला त्याने बोलण्याचा मान दिला, अखेरचा शब्द दिला नाही. निकालातील हे सर्वांत शहाणे वाक्य होय. परंतु सेवेच्या गौरवाच्या भरात त्याचे तत्त्व स्पष्टपणे मांडायचे राहून गेले.

ते तत्त्व पुढे ९ मार्च २०१८ रोजी ‘कॉमन कॉज’ प्रकरणातील पाच न्यायमूर्तींच्या निकालात आले. प्रौढ, शुद्धीवरील माणसाने, असाध्य अवस्थेत आपल्यावर कोणते उपचार करू नयेत, हे आधीच लिहून ठेवावे, आणि आपल्या वतीने बोलणारी व्यक्तीही नेमावी, हे न्यायालयाने मान्य केले. त्यासाठीची किचकट पद्धत २४ जानेवारी २०२३ रोजी सोपी करण्यात आली. नोटरी अथवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर असा लेख करता येतो. या कागदाला आम्ही प्रतिज्ञा म्हणू. जो क्षण आपल्याला बोलू देणार नाही, त्याच्यासाठी आधीच दिलेला हा प्रौढ माणसाचा स्वतःचा शब्द आहे. ॲनाबॅप्टिस्टांनी धर्मात जे मागितले, ते येथे मृत्यूच्या संदर्भात मागितले गेले आहे.

हा सारा विचार कोरडा आहे, असा आक्षेप येईल. आई आजारी असताना मुलाने कागद शोधावा काय? माया ही तर हिशेबापलीकडची गोष्ट. यावर आमचे उत्तर असे की, मायेला कमी लेखण्याचा हेतू येथे नाही. मायेमुळे कर्तव्य येते, आणि तेही जन्मभराचे. केईएमच्या परिचारिकांनी ते करून दाखवले. तिच्यामुळे साक्ष देण्याचा अधिकारही येतो. मालकी मात्र येत नाही. शिंपी शिवणीत माया ठेवतो ती कपडा पुढे उसवून मोठा करता यावा म्हणून. माणसांच्या नात्यांतही समोरच्याला स्वतःचा शब्द देता येईल इतकी जागा राखलेली असावी. लक्ष्मीबाईंच्या संसारात ती होती, म्हणून ते नाते टिकले. अरुणांच्या वाट्याला ती आली नाही, आणि तिथे कोणाचाही इलाज नव्हता.

आपल्या जुन्या मराठी घरांपुढे हा प्रश्न आता पुस्तकी राहिलेला नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत राजुरा तिकडे गेला आणि वांकिडी इकडे राहिली. सोयरिकी सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरल्या. पुढच्या पिढीची मुले हैदराबादला, नागपूरला, काही परदेशी गेली. घरात उरलेल्या वृद्धांना वेळेवर पाणी देणारी बहुधा शेजारीण असते, गड्याची बायको असते, किंवा गावातच राहिलेला भाचा असतो. रुग्णालयात मात्र सही मागितली जाते ती दूरच्या मुलाची. त्याची माया खोटी नाही. पण आईला काय हवे होते हे त्याला ठाऊक असेलच असे नाही. शेजारणीला कदाचित ठाऊक असेल, पण तिला विचारणारा कोणी नाही.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे. आपल्या वडीलधाऱ्यांना, त्यांची वाणी आणि शुद्धी शाबूत आहे तोवर, त्यांची इच्छा विचारावी. ती दोन माणसांसमक्ष ऐकावी, शक्य तर कागदावर उतरवावी. आणि त्यांची सेवा करणाऱ्याला, मग तो नात्याचा असो वा नसो, त्या बैठकीत बसवावे. ऐकलेले उत्तर आपल्या मायेला रुचणारे नसेल. तरीही ते ऐकून घेणे ही मायेचीच जबाबदारी आहे.